पानांची खबर

मी तीस वर्षं सावंतवाडीच्या शाळेत गणित शिकवलं. फळ्याकडे तोंड असलं तरी शेवटच्या बाकावर कोण चिंच चघळतंय ते मला कळायचं. निवृत्त झाले आणि मसुऱ्याला बाबांकडे राहायला आले. आठवड्याभरात स्वयंपाकघर, विहिरीचा पंप आणि बाबांच्या औषधांचा डबा असं सगळं मी ताब्यात घेतलं. कामाला मी कधी घाबरत नाही आणि दुसऱ्याला विचारत बसणं मला जमत नाही. हे दोन्ही गुण मला बाबांकडून मिळाले असं आई म्हणायची, तेव्हा तिचा आवाज काही कौतुकाचा नसायचा.

माझ्या ताब्यात यायची राहिली होती ती फक्त माजघरातली काचेची टाकी. खिडकीखाली जांभ्या दगडाचा चौथरा आणि त्यावर ही माझ्या हाताच्या दीडपट लांबीची टाकी. इतर लोक टाकीत रंगीत खडे आणि प्लास्टिकचा राजवाडा ठेवतात. बाबांनी घराखालच्या व्हाळातली, म्हणजे आमच्या ओढ्यातली, पानं आणून लावली होती. लांबट, कडांना जरा मुरडलेली, वरून हिरवी आणि खालून तांबूस. पुस्तकात त्यांना काही लांबलचक नाव असेल. आमच्या गावात त्यांना कोणी नाव दिलेलं नाही, कारण ती खाता येत नाहीत आणि देवालाही वाहता येत नाहीत. मासेही व्हाळातलेच, बोटाच्या पेराएवढे, एकूण अकरा. आणि नखाएवढ्या शंखातल्या गोगलगाई, त्यांची मोजदाद देवानेच करावी.

आमची शेजारीण दूध घेऊन आली की टाकीकडे बघून नाक मुरडायची. "मालवणी माणसान माशे काचेत बघूचे नसतत गो, कढयेत बघूचे," असं तिचं रोजचं मत. बाबा हसायचे आणि म्हणायचे, "हेंका तळूक घेतलंस तर तेल फुकट जायत."

बाबांची नजर काचबिंदूने गेली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि रिक्षात बसल्यावर मला एवढंच म्हणाले, "टाकी तू बघ आणि माका सांग." तेव्हापासून आमचा एक नेम झाला. सकाळचा चहा झाला की बाबा टाकीशेजारच्या खुर्चीत बसायचे, काचेवर तळवा टेकवायचे आणि विचारायचे, "काय गो, पानां काय म्हणतत?" मग मी सांगायची. डाव्या कोपऱ्यात एक नवं पान उलगडतंय, मधल्या गड्ड्याचं एक पिवळं पडलंय, मासे अकरा, पाणी नितळ. मी बोलत असताना त्यांचे डोळे त्या त्या कोपऱ्याकडे वळायचे. त्यांना ते सगळं दिसतंय हे चेहऱ्यावरून कळायचं. दिवसातला तेवढा वेळ मला फार आवडायचा, उगाच कशाला लपवू?

पिवळ्या पानांबद्दल त्यांचे नियम ठरलेले होते. पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. ते ओढायचं नाही, कात्रीने बुडाशी कापायचं. आणि पाच पानं कापली तर त्यातलं एक तळाला सोडायचं, गोगलगाईंसाठी. "तेंचोय वाटो आसता," बाबा म्हणायचे. मी पानं कापायची, पण वाटा काही सोडायची नाही. गोगलगाईंसाठी अन्नछत्र उघडायला मी बसले नव्हते.

जुलैत मात्र पानं भराभर पिवळी पडायला लागली. काहींना भोकंही पडली, आणि जिथे भोक तिथे गोगलगाय बसलेली. वर्गात ज्याच्या हातात खडू सापडतो त्यानेच भिंतीवर लिहिलेलं असतं, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. मला आणखी पुरावा नको होता. पण आधी झाडं वाचवायला हवी होती, आणि त्याचा उपाय मला खिडकीतूनच दिसत होता. घरासमोरच्या कुणग्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, लावणी चालली होती. तरवा उपटायचा, मुळं खळखळून धुवायची, नव्या चिखलात रोवायचा. आठ दिवस रोपं मेल्यासारखी पिवळी दिसतात, नवव्या दिवशी शेत हिरवंगार. हे मी परकर नेसायच्या वयापासून केलेलं आहे. पिवळ्या रोपाला नवा चिखल हवा असतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

दुपारी बाबा झोपले आणि मी कामाला लागले. सगळे गड्डे उपटले, बादलीत मुळं धुतली, जवळच्या कुणग्यातून दोन घमेली नांगरलेला चिखल आणला, टाकीच्या तळाला पसरला आणि गड्डे ओळीत लावले. दोन ओळींत सारखं अंतर. चिखल खाली बसल्यावर मी दूर उभी राहून बघितलं आणि स्वतःवर खूश झाले. बाबांना काही सांगितलं नाही. आठ दिवसांनी सगळं हिरवं झालं की मगच सांगावं, म्हणजे बरं वाटेल त्यांना, असा माझा विचार. दुसऱ्या सकाळी त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "बरी आसत."

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाच्या चहासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले, म्हणून मी ते गुपचूप मागच्या पडवीत टबात नेऊन सोडले. पाचव्या दिवशी पानं शिजलेल्या अळवासारखी गळून पडली, बोट लावलं की बुळबुळीत लगदा. आणि त्या लगद्यावर गोगलगाई अशा जमल्या की जत्रेला उसळलेली गर्दी बरी. मला संताप आला. तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, काप दोऱ्याला बांधून संध्याकाळी पाण्यात सोडायचा आणि सकाळी वर काढायचा, ही युक्ती मीच शोधली. कोल्हा काकडीला राजी, तर गोगलगाय तवशाला. एकेका कापावर तीस-चाळीस निघायच्या. मी त्या शेवग्याच्या बुंध्याशी टाकत होते. गोगलगाई कमी होत गेल्या आणि लगदा वाढत गेला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आणि रोज सकाळी मी खोटं बोलत होते. "बरी आसत" एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नक्कल करणारं पोर जसं उत्तर बरोबर वाटावं म्हणून दोन ओळी जास्तच लिहितं, तसं माझं झालं. एका सकाळी मी आपण होऊन सांगितलं की उजव्या बाजूला दोन नवी पानं आलीत.

"रंग कसो?" बाबांनी विचारलं.

"तांबूस."

बाबा टाकीच्या उजव्या बाजूकडे तोंड करून हसले. मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्याच दुपारी मी छत्री घेऊन व्हाळावर गेले, नवे गड्डे मिळतात का बघायला. व्हाळ तांबडा होऊन कमरेएवढा धावत होता आणि पानं कुठेतरी त्याच्या तळाशी होती. साडी भिजवून परत आले. नजर गेल्यावर ज्यांनी फक्त टाकी बघायला सांगितली, त्या बाबांना टाकी गेल्याचं कसं सांगायचं, हे मला कळत नव्हतं. एरवी मला कोणाला काहीही सांगायला जीभ अडखळत नाही.

नवव्या दिवशी बाबांनी विचारलंच नाही. चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चिखल खंयच्या कुणग्यातलो?"

"कसलो चिखल?"

"शेण घातलेलो. आठ दिस वास येता माका. माझे डोळे गेले गो, नाक खंय गेलां?"

मग मी सगळं एका दमात सांगून टाकलं. उपटणं, धुणं, घमेली, ओळी, लगदा, तवसं, टबातले मासे. ओळींचं ऐकून ते हसायलाच लागले. "वळीत लावलंस? तरव्यासारखी?" हसता हसता त्यांना ठसका लागला. मला वाटलं, सुटले. ठसका थांबल्यावर त्यांनी सदऱ्याचं बटण काढलं, बाही कोपराच्या वर सरकवली आणि त्या घाण पाण्यात हात घातला. तळाशी चाचपडत एकेका जागी थांबले, दोन बोटांनी हलकेच ओढून बघितलं. मी पंचा घेऊन शेजारी उभी होते.

"मुळां जिती आसत," ते म्हणाले. "हां भात न्हय गो. हेंका जाग्यावरसून हलयलां की रागान सगळी पानां टाकतत. मूळ तेवढां धरून रवतां. आणि गोगलगायी जितां पान खानत नाय, मेलेलां तेवढां खातत. घाण काढणारीच तू भायर काढलंस."

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, ती मी चार दिवस रोज देत होते. तरीही मला हायसंच वाटलं. मुळं जिवंत होती, म्हणजे आता हे गणित सुटण्यासारखं होतं. मी काय काय करायचं ते मनात मांडायलाही लागले. बाबा हात पुसत होते.

"पानां गेली तां जावंदे," ते म्हणाले. "पण मी तुका रोज इचारलंय. तू सांगलंस तसां मी बघलंय. दोन नवी पानां बघलंय, तांबूस. ती खंय गेली आता?"

ते रागावले नव्हते. खरंच विचारत होते. माझे डोळे भरून आले. रडणं त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी उठले आणि विहिरीचा पंप चालू करायला गेले.

दुरुस्तीचं काम मी माझ्या पद्धतीने, म्हणजे झडझडून केलं. नळीने वरचा चिखल ओढून काढला, मुळं मात्र हलवली नाहीत. रोज तिसरा हिस्सा पाणी काढून विहिरीचं घातलं. शेवग्याखाली पालापाचोळ्यात हात घालून अजून जिवंत असलेल्या सतरा गोगलगाई वेचल्या आणि मानाने परत आणून सोडल्या. शेजारीण कुंपणावरून बघत होती. "काय गो, सकाळी भायर टाकलंस आणि सांजेक भितूर घेतलंस?" मी म्हटलं, "बदलीची ऑर्डर रद्द झाली." त्या सतराजणींनी आठवड्यात तळ असा चाटून काढला की मला माझ्या भांडी घासण्याची लाज वाटावी.

आणि रोज सकाळी मी बाबांना खरं सांगत होते. नुसतो चिखल आसा बाबा. आज पण नुसतो चिखल. पाणी निवळतां. मासे परत सोडले, पण दहाच, एक टबात मेलो. ते ऐकायचे, मान हलवायचे, आणि त्यांची नजर कुठल्याच कोपऱ्याकडे वळायची नाही.

श्रावण लागल्यावर एका सकाळी मला पुढच्या काचेपाशी चिखलातून काहीतरी टोकदार वर आलेलं दिसलं. तांदळाच्या दाण्याएवढं, गुंडाळलेलं. मी जवळ जाऊन, चष्मा पुसून, दोनदा खात्री केली. मग ओरडलेच, "बाबा, पान इलां!" ते काठी टेकत लगबगीने आले आणि खुर्चीत बसले. मी सांगितलं की पुढच्या काचेला लागून आहे, मधोमध, टोक तांबूस, अजून सुरळीतच आहे. एकही शब्द जास्तीचा घातला नाही. आयुष्यात इतकी अचूक माहिती मी कोणाला दिली नसेन.

"बरां," ते म्हणाले. आणि बाहीचं बटण काढायला लागले.

त्यांचं मनगट धरून हात पानापर्यंत न्यावा म्हणून मी पुढे झाले. "ऱ्हवांदे," ते म्हणाले. "मी बघतंय." त्यांचा हात काचेच्या आतून हळूहळू खाली उतरला, चिखलावरून सरकला, एकदा चुकला, मागे आला. बोटाचं टोक पानाला लागलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मी सांगितलं तेव्हा तो उजळला नव्हता.

मला ते लागलं. आणि ते लागायलाच हवं होतं, हेही मला त्याच क्षणी पटलं.

आता टाकीत एकोणीस पानं आहेत. मी सांगते, बाबा ऐकतात, मग बाही वर करतात आणि मी पंचा घेऊन उभी राहते. कधीतरी एका सकाळी ते नुसतं ऐकतील, बाही वर करणार नाहीत आणि अर्धा कप चहा आणखी मागतील, याची मला खात्री आहे. तोवर एखादं पान पिवळं पडलेलं असलं, तर मी आधी पिवळंच सांगते.