गुलाबी पिल्लं

काल नातवाने बादलीत गुलाबी रंग कालवला आणि त्या ओल्या वासाने मी थेट बोरीवलीतल्या आमच्या चाळीमागे पोचले. बाबांची गिरणी बंद होती. आईच्या कोंबड्यांच्या अंड्यांवर घर चालायचं, माझं कॉलेजही. पण मोकळी सोडलेली पिल्लं घार उचलून न्यायची, आणि कोंडून ठेवली तर त्यांना खायला काय घालणार?

म्हणून आईने नव्या पिल्लांना होळीचा उरलेला रंग फासला.

"आई, लोक हसतील गं!" मी म्हणाले.

"हसांदेत. घारीन गुलाबी पिल्लू कधी बघल्यान हा? घाबरतली ती."

"आणि कोंबडीनेच ओळखलं नाही तर?"

"आवाज तर तोच आसा ना!"

कोंबडी मान वाकडी करून बघत राहिली. पिल्लं चिवचिवली, तशी ती त्यांना घेऊन उकिरड्याकडे निघाली. घार झेपावली, कुंपणापर्यंत आली आणि वर वळली.

तेव्हा मला त्या रंगाची लाज वाटली होती. आज आईच्या डोक्याचं कौतुक वाटतं. त्या खेपेला एकही पिल्लू गेलं नाही. मला कॉलेज सोडावं लागलं नाही, आणि आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी झाले.