पप्पांची पांढरी गाडी

हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझं काय ठाऊक नसतं? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्याकडे जेवायला येणार नाही.

मला गाड्यांच्या त्या गेमचं वेड आहे. चौतिशीत, हो. मालाडच्या ऑफिसातून बोरिवलीला येताना हायवेवर तासभर रखडलेला माणूस टीव्हीपुढे बसतो आणि अख्खं शहर त्याच्यासाठी मोकळं होतं. कुठेही वळा, कठडे तोडा, कुणी काही म्हणत नाही. मग मागे पोलिसांचे सायरन लागतात — आणि तेही हवेसे वाटतात. कसं सांगू?

पप्पांनाही मीच शिकवलं. पप्पांनी उभा जन्म पोलिसांची जीप चालवली. निवृत्तीनंतर हाताला जरा कंप आला होता, म्हटलं, बोटं हलती राहतील. तर हे गेममध्येही लाल सिग्नलला थांबायचे! पोलिसांची गाडी दिसली की बाजूला होऊन वाट द्यायचे. चोरट्या शर्यतींना हात लावला नाही. रीतसर शर्यती जिंकत जिंकत त्यांनी एक पांढरी गाडी मिळवली, माझ्या कुठल्याही गाडीपेक्षा वेगवान. "एकही केस नाही तिच्यावर," येईल त्याला सांगायचे. मला त्यांचं ते फार आवडायचं. खरंच.

दसऱ्याला त्यांनी खाली स्कूटरला हार घातला. आईला मागे बसवून मासळी आणायला जायचे, ती स्कूटर. मग वर येऊन गेमच्या रिमोटलाही हळद-कुंकू लावलं, त्यावर एक झेंडू ठेवला आणि सोसायटीत सोनं वाटायला गेले.

मी झेंडू बाजूला केला.

का? माझ्या गाड्या नव्हत्या का? होत्या की. पण ती पांढरी — एकदाच, पोलीस मागे लावून — पळवून बघायची होती. आणि काय पळाली! समुद्राकाठचा रस्ता, बोगदा, मागे सायरनची रांग, आणि मी सोफ्यावर एकटाच खिदळतोय. मग पुलावर सापडलो. त्या गेमचा नियम असा की पोलिसांनी पकडलं तर गाडी जप्त. कायमची.

मी रिमोट जागेवर ठेवला. झेंडूही, होता तसाच.

संध्याकाळी पप्पा खेळायला बसले. गॅरेजमधली जागा रिकामी.

"माझी गाडी कुठे गेली रे?"

सांगायला काय लागत होतं? चिडले असते, जेवताना हसले असते. पण त्यांचं तोंड बघितलं आणि माझी फाटली. म्हणालो, "तुमच्याकडूनच काल कुठलं तरी बटण दाबलं गेलं असेल. हात थरथरतो ना तुमचा, पप्पा."

ते आपल्या हाताकडे बघत राहिले. इतकंच असतं तर — तर मी विसरूनही गेलो असतो, मला माहीत आहे. पण आठवड्याभराने त्यांनी स्कूटरची चावी माझ्यापुढे ठेवली.

"तूच चालव आता," म्हणाले. "टीव्हीतली गाडी सांभाळता आली नाही, रस्त्यावर कुणाला उडवलं तर?"

आई म्हणाली, बरं झालं, वेळेवर सुचलं. बायकोही तेच म्हणाली. आणि मी? मी मान डोलावली. चावी खिशात टाकली.

गेमला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. मी अजून खेळतो.

रविवारी मासळी आणायला आता मी त्यांना मागे बसवून नेतो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर असतो. सिग्नल बदलला की ते खांदा हलकेच दाबतात, थांब म्हणून. दर वेळी त्यांना तो माझ्या आधी दिसलेला असतो.

परवाही दाबला. मी थांबलो. बोललो नाही.