सात लाख वीस हजार सातशेवीस वाती

गोदाबाईला लिहिता येत नव्हतं. मोजता येत होतं. वडील गावातल्या मुलांकडून पाढे म्हणून घेत, तेव्हा ती दाराआड बसून चिंचोके मांडी. पुढे लग्न होऊन ती अमरावतीपासून चार कोसांवरच्या एका गावात आली, आणि तिची मोजदाद भाकरी, शेण्या आणि वातींवर आली.

नवरा, खुशालराव, तापातून उठला त्या वर्षी तिनं देवाला लाख वाती बोलल्या. वळायला नऊ बायका बसल्या. आपल्याकडे वाती वाटून घेतात त्या सारख्याच. कोणाच्या पदरी पुण्य कमी पडू नये. प्रत्येकीला अकरा हजार एकशे अकरा आल्या आणि एक उरली. ती कोणी वळायची, यावरून बोलाचाली झाली. शेवटी कोणीतरी वळलेली ती एक वात ऐन लावायच्या वेळी सापडेना. गोदाबाईनं सगळ्यांसमोर धाकट्या जावेचं, शकुनचं नाव घेतलं.  महिनाभरात शकुन नवऱ्यासोबत अकोल्याला गेली.

एक वात कमी पडलेला नवस फिटलाच नाही, असं गोदाबाईला वाटत राहिलं. दोन वर्षांनी तिनं पुन्हा संकल्प करायचं ठरवलं. आकडा देवापुढं आधी बोलावा लागतो, बायका नंतर येतात. किती येतील ते कोण सांगणार? आळीत घरं तिचं धरून सोळा, घरटी एक बाई. एक आली काय, सोळा आल्या काय, उरायला काहीच नको.

चिंचोक्यांचे ढीग रोज दुपारी ओट्यावर पडू लागले. सातशेवीस चिंचोके दोघींना, तिघींना, थेट दहा, बारा, सोळा जणींना सारखे वाटले जात होते. पण सात, अकरा आणि तेराजणींत वाटले की काही उरत. मग तिनं सातशेवीसला साताने, अकराने, तेराने गुणलं. सात, अकरा, तेरा एकमेकांत गुणले की एक हजार एक होतात, हे कळलं त्या दुपारी चूल पेटवायचं राहून गेलं. सात लाख वीस हजार सातशेवीस. सातशेवीसच, दोनदा म्हटलेलं. चौदाजणींना आणि पंधराजणींनाही सारखंच.

त्या सालात कापसाला सोन्याचं मोल होतं. बोंड न् बोंड गाडीत चढत होतं.

"वाती करून राहिली का कापसाच्या गाठी बांधून राहिली?" खुशालराव म्हणाला, पण मणभर रुई त्यानं बाजूला काढून ठेवली.

चातुर्मासाच्या पहिल्या दिवशी सोळाही घरच्या बायका आल्या. पंचेचाळीस हजार पंचेचाळीस प्रत्येकीला, असं गोदाबाई सांगत होती, तोच अकोल्याहून बोचकं घेऊन आलेली शकुन दारात उभी राहिली. 

"सोळा घरं मोजली म्हणे तुमी, मोठ्याबाई. मले काहून नाई मोजलं?"

गोदाबाई बराच वेळ बोटांची पेरं मोजत बसली. सतराजणींना बेचाळीस हजार तीनशे पंच्याण्णव येत होत्या.

"मोजाले मी चुकली," ती म्हणाली. "पाच उरते आता."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. उरलेल्या वातींना हात लावायला कोणी पुढं होईना. शकुननं बोचकं खाली ठेवलं, रुईचा एक पुंजका ओढला आणि मांडीवर सावकाश पाच वाती वळल्या. मग देवघरातली पंचारती उचलून तिच्या पाच वाट्यांत एकेक ठेवली.

"ह्या मी वळल्या," ती म्हणाली. "पाहून घ्या, मोजून."

गोदाबाईनं त्या मोजल्या नाहीत. तिनं तेलाची बुधली पुढं सरकवली आणि शकुनला आपल्याजवळ बसायला जागा केली.