आम्रपाली पट्ट्या बघते

आमच्या आम्रपालीला कुणी विचारलं की तू कंपनीत काय करतेस, तर ती सांगते, "बुडबुडे बघते." खोटं नाही ते. चाकणच्या आमच्या प्लांटमध्ये ती लीक टेस्टला आहे. डिझेलच्या टाकीत हवा भरायची, टाकी पाण्यात बुडवायची आणि कुठून बुडबुडा येतोय का ते बघायचं. आठ तास. मी त्याच लाइनवर पुढे पॅकिंगला असतो. मला तिच्या जागी उभं केलं तर अर्ध्या तासात घोरायला लागेन. तिच्या हातून नऊ वर्षांत एकच गळकी टाकी पुढे गेली. त्या दिवसाची तारीख ती अजून सांगते, कुणी विचारलं नाही तरी.

पहिली शिफ्ट सुटली की कंपनीची बस आम्हाला चिखलीत सोडते, आणि चार वाजता हीच बाई मोबाइलवर हीलर होते.

हीलर म्हणजे काय, ते माझ्या बायकोला कळायला वर्ष लागलं, म्हणून सांगून टाकतो. खेळ राक्षस मारायचा आहे, चौघांची टोळी लागते. एकाच्या हातात ढाल, तो पुढे उभा राहून मार अंगावर घेतो. दोघं मारतात. चौथा कुणालाच मारत नाही, तो बाकीच्यांच्या जखमा भरतो. तो हीलर. आमचा ढालवाला सोपानराव, जादूगार रणजीत, आणि मी नवनाथ, धनुष्यवाला. म्हणजे मागे सुरक्षित उभं राहायचं आणि तरीही सगळ्यांच्या आधी मरायचं. प्रत्येकाच्या नावापुढे एक हिरवी पट्टी असते. मार बसला की ती आखडते, संपली की माणूस आडवा.

नवखा हीलर लढाई बघत बसतो. आम्रपाली लढाई बघतच नाही. सहा महिने आम्ही एका राक्षसाशी झुंजलो, त्याला तीन तोंडं होती, आणि हिला त्याचा पत्ताच नव्हता. ती फक्त पट्ट्या बघते. मी खरचटल्यावर ओरडलो तर म्हणते, "थांब, अर्धी आहे अजून. मरत नाहीस तू." औषधाची शक्ती सगळी कधीच खर्च करत नाही, तिसरा हिस्सा राखून ठेवते. आधी स्वतःला सांभाळते. मला तो स्वार्थ वाटायचा. हीलर मेला की मागोमाग सगळी टोळी झोपते, हे मला तीन वेळा मेल्यावर समजलं. आणि जमिनीला आग लागलेली दिसत असून कुणी त्यात उभा राहिला, तर तिच्या नाकावरचा राग थेट आमच्या कानात येतो. "मी भरतेय म्हणून उभा राहू नकोस. बाहेर निघ."

हे ती शिकली वडिलांच्या उशाशी. साहेबराव तीस वर्षं भोसरीत टर्नर होते. चार वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बरोबर वाचाही गेली. दुपारची त्यांच्याजवळ बसायची पाळी आम्रपालीची, म्हणून तिने मोबाइल हातात घेतला. खेळात आपल्या माणसाला नाव द्यावं लागतं. तिने गंमत म्हणून बाबांना विचारलं. त्यांनी अर्धा तास "जी, जी" केलं आणि शेवटी घाम पुसत "जीवक" म्हणाले. बुद्धांचे वैद्य. आजारपणानंतरचा तो त्यांचा पहिला पुरा शब्द. आम्रपाली सांगते, तेव्हा तिच्या डोळ्यात कचरा गेला होता.

सोपानराव आमच्यात आला तो बसमधून. परभणीकडचा गडी, पन्नाशी उलटलेला, आमच्याच प्लांटवर ठेकेदाराकडे लोडिंगला. बायको वारलेली, लेक नांदेडला दिलेली. चिखलीत एका ग्राइंडिंगच्या वर्कशॉपला चिकटून पत्र्याची खोली, तिथे एकटाच. बसमध्ये आमच्या खांद्यावरून खेळ बघायचा. एक दिवस आम्रपालीने त्याला मोबाइलवर खेळ घालून दिला आणि विचारलं, "काका, तुम्ही कोण होणार?" तो म्हणाला, "मला मारायला न्हाई जमायचं, पोरी. मार खायला जमतंय. त्येच दे." म्हणून ढाल. पावणेचारचा गजर लावून ठेवायचा, खेळ चुकू नये म्हणून. त्याचा माईक चालू असला की शेजारचं ग्राइंडिंग आमच्या कानात घुसायचं, तर मीच तो कायमचा बंद करून दिला. मग तो फक्त ऐकायचा. आम्ही बोललेलं सगळं ऐकायचा.

आता आमचं पाप सांगतो. कंपनीत चेहऱ्याचं मशीन बसायच्या आधी आम्ही एकमेकांची कार्डं पंच करायचो. एक जण उशिरा येणार असला की दुसरा त्याची हजेरी लावायचा. मशीन आलं, ती सोय गेली, सवय मात्र गेली नाही. खेळातही रोजची हजेरी असते, चुकली की टोळीचं बक्षीस जातं. तेव्हा चौघांचे पासवर्ड चौघांकडे. कुणी गावाला गेलं की दुसरा त्याचा आयडी लावून त्याचा माणूस खेळातल्या वेशीवर उभा करायचा. फक्त हे माईकवर बोलायचं नाही, असा रणजीतचा दंडक. खेळवाल्यांना कळलं तर चौघांचे आयडी बंद होतील म्हणे.

त्या सोमवारी सोपानराव बसमध्ये नव्हता. ठेकेदाराने दुसरा माणूस उभा केला, काम चालू राहिलं. लेकीकडे जायचं तो दिवाळीपासून म्हणत होता, म्हणजे गेला असणार.

चार वाजता आम्ही वेशीवर जमलो आणि सव्वाचारला सोपानरावाचा ढालवाला आला. रणजीतकडे दोन मोबाइल आहेत, मला वाटलं त्यानेच लावला. आत जळतं तळं आहे, त्याच्या काठाने आम्ही निघालो. ढालवाला आमच्या पुढे आला नाही. ढाल उचलली नाही. तो सरळ तळ्याकडे चालत गेला आणि आगीत उभा राहिला.

पट्टी आखडायला लागली. आम्रपालीने भरली. तो आगीतून निघाला, जीवकच्या समोर आला, अगदी तोंडासमोर तोंड करून थांबला. थोडा वेळ तसाच. मग वळून परत आगीत.

"हे काय चाललंय?" आम्रपाली म्हणाली.

मी हसलो. नुसता हसलो नाही, खिंकाळलो. "म्हाताऱ्याचं वांगं भाजतंय राव," असं म्हणालो. रणजीतही हसला. मला वाटलं, रणजीत एका हाताने दुसरा मोबाइल चालवतोय म्हणून हे असं होतंय. त्याला वाटलं, आम्रपालीच्या भावाचा चावटपणा आहे. आम्रपालीला वाटलं, मी बायकोच्या मोबाइलवरून करतोय. तिने त्याला सात वेळा भरलं, सातव्यांदा मला शिवी घातली आणि सहा वाजता बाबांचा चहा टाकायला उठून गेली.

मंगळवारी बसमध्ये तो नव्हताच, आणि आदल्या दिवशीची गंमत दुसऱ्याचीच समजून आम्ही कुणी विषय काढला नाही. सव्वाचारला ढालवाला हजर.

या वेळी त्याची चाल बिघडली होती. सरळ रेघ धरेना. एका बाजूला कलत, वाटोळा फिरत तो तळ्यापर्यंत पोचला. उभा राहिला. पट्टी पाव राहिली तेव्हा निघाला आणि जीवकपुढे येऊन थांबला. तिने भरली. परत गेला. परत आला. भर दुपार होती, खिडकीतून शाळेच्या पोरांचा कालवा येत होता, तरी माझ्या हातांवर काटा आला. खेळात वारा नसतो, पापणी लवत नाही. त्या लोखंडी टोपातून काही दिसत नाही. आणि तो माणूस पुन्हा पुन्हा एकाच बाईच्या पुढ्यात येऊन उभा राहत होता.

रणजीत हसत नव्हता. मीही नाही.

मग आम्रपालीने ते केलं जे हीलर कधी करत नाही. ती म्हणाली, "या वेळी मी भरणार नाही."

तो आगीत गेला. पट्टी निम्मी झाली. पाव झाली. लाल झाली. नखाएवढी उरली. मी ओरडलो, "अगं मरेल तो!" तिने बटणाला बोट लावलं नाही. आणि त्या नखाएवढ्या पट्टीवर ढालवाला आपण होऊन बाहेर आला, गोल फिरत, अडखळत तिच्यापाशी आला आणि थांबला. मरायचं नव्हतं त्याला. तिने भरावं एवढंच हवं होतं. तिला दिसावं एवढंच.

"दोन दिवसांत याने एकदा तरी ढाल उचलली?" आम्रपालीने विचारलं.

नव्हती उचलली. मोबाइल आडवा धरला की डाव्या अंगठ्याने चालायचं असतं. ढाल, तलवार, उडी, सगळं उजव्या अंगठ्याला. तिने आपल्या हातांकडे बघितलं, मग खाटेवर बसलेल्या बाबांच्या मांडीवरच्या उजव्या हाताकडे. हे तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा माईकवर फक्त तिचा आवाज आला, आणि तिने दंडक मोडला.

"सोपानकाकांचा आयडी कुणी लावलाय?"

"मी नाही," रणजीत म्हणाला.

"मी पण नाही. मी तुला समजत होतो," मी म्हणालो.

समोर ढालवाला उभा होता. आमचं बोलणं ऐकत.

"काका," ती म्हणाली, "आलेच मी. हलू नका." मग तिने मोबाइल बाबांच्या मांडीवर ठेवला, एक बटण दाखवलं आणि सांगितलं, "बाबा, याची पट्टी खाली आली की हे दाबायचं. थांबायचं नाही." आणि स्कूटर काढली.

मी पोचलो तेव्हा ती पत्र्याचं दार बडवत होती. शेजारी ग्राइंडिंग चालू, ठिणग्या उडतायत, कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. कडी आतून. वर्कशॉपमधली पहार आणून मी दार उचकटलं.

सोपानराव खाटेखाली पडला होता, उजव्या कुशीवर. तोंड वाकडं, ओठ फुटलेले, कपडे खराब. पाण्याची बाटली आडवी, रिकामी. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवलेला, चार्जरला लावलेला, आणि त्याचा डावा अंगठा काचेवर. आम्ही आत आलो तरी त्याची नजर मोबाइलवरच होती. तिथे जीवक उभा होता आणि ढालवाल्याच्या अंगावर हिरवा उजेड पडत होता. पुन्हा पडत होता. पट्टी पूर्ण भरलेली होती, तरी साहेबराव डाव्या बोटाने बटण दाबतच राहिले होते.

तो वाचला. डॉक्टर म्हणाले, पहाटे केव्हातरी झटका आला असावा, सोमवारी. मी विचारलं, हातात मोबाइल होता तर फोन का नाही केला? ते म्हणाले, अशा झटक्यात अक्षरं, आकडे, नावं सगळं पुसलं जातं, समोर असूनही कळत नाही. बोटांना रोजची सवय तेवढी उरते. गजर वाजला, बोटाने खेळ उघडला. पुढचं त्याने काय आणि कसं जुळवलं, ते त्यालाच माहीत. आगीत गेलं की आम्रपाली आपल्याकडे बघते, एवढं त्या माणसाच्या डोक्यात शिल्लक होतं. एक दिवस आधी आणलं असतं तर उजवा हात कदाचित राहिला असता, असंही डॉक्टर म्हणाले.

त्यावर आम्रपाली दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. डोळ्यात कचरा गेल्याचं सांगितलं नाही. "मी त्याला सात वेळा भरलं, नवनाथ," ती म्हणाली. "सात वेळा भरून चहा करायला गेले." आता ती दोन तारखा सांगते, एक गळक्या टाकीची आणि एक त्या सोमवारची.

सोपानराव आता नांदेडला लेकीकडे आहे. रोज चारला येतो, डाव्या अंगठ्याने. ढाल उचलता येत नाही, म्हणून आम्ही सोपे राक्षस घेतो. आयडीच्या वाटण्या बंद आहेत. आम्रपाली आधी हजेरी घेते, प्रत्येकाने आपल्या तोंडाने बोलायचं. सोपानराव बोलू शकत नाही, तेव्हा तो चालत जीवकपाशी जातो आणि उभा राहतो. ती म्हणते, "आलात ना, काका?" आणि त्याने एक पाऊल मागे घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही.

मी त्याची माफी मागितली. माईकवर, सगळ्यांसमोर. त्याला किती कळलं, ठाऊक नाही. लेक म्हणते, शब्द अजून नीट कळत नाहीत त्याला. पण त्या सोमवारी माझ्याकडून त्याच्या कानावर जे गेलं, ते समजायला शब्दांची गरज नव्हती. कारण अजूनही कुणी काही गमतीचं बोललं आणि मी माईकवर हसलो, तर ढालवाला असेल तिथे थांबतो. सावकाश वळतो, माझ्यापुढे येतो आणि माझ्याकडे तोंड करून उभा राहतो. मी गप्प होईपर्यंत हलत नाही.