डिस्कला कान लावणारा

त्या दुरुस्तीवाल्याचं नाव मी विचारलं नाही, कारण तिसऱ्या खेपेपर्यंत माझं डोकं पार फिरलं होतं. एवढी महागाची हार्ड डिस्क चार वर्षांत बसली होती आणि हा प्रत्येक वेळी नारळातलं पाणी ऐकावं तशी ती कानाला लावून डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "सुरू होत्ये, पण पुढे जात नाय."

तिच्यात बाबांची गाणी होती. शिमग्याच्या नमनात त्यांनी जन्मभर गायलेली, मी हौसेने रेकॉर्ड केलेली. बाबा गेल्या वर्षी गेले.

"दुसरी प्रत?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"आहे ना. त्याच डिस्कवर, दुसऱ्या फोल्डरमध्ये."

यावर तो चष्मा काढून पुसत बसला. त्याचा मला जास्त राग आला.

तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "गाण्यांचे तुकडे मिळालेत, पण सगळे इकडचे तिकडे झालेत. कशापुढे काय येतं, मला कसं कळणार? तुम्ही म्हणून दाखवा, मी लावून देतो."

भर दुकानात गायचं म्हणजे काय? पण घसा खाकरून सुरुवात केली. दोन ओळी झाल्या. तिसरी येईना. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडलो.

तो डोळे मिटून, माझ्याकडे कान करून बसला होता.

"सुरू होताय," तो म्हणाला, "पण पुढे जात नाय."