बिनमुकादमाची टोळी

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात भिंगारमधल्या एका भाड्याच्या इमारतीत आम्ही तिघे एका छोट्या कॉम्प्युटरवर काम करत होतो. कार्यालयाचं काम पाझर तलावांची गणितं करण्याचं. यंत्र चाचणीच्या बोलीवर आणलेलं होतं. ते परत गेलं की हंगामी माणसंही जाणार, हे ठरलेलं होतं. हंगामी आम्ही दोघे, मी आणि पाथर्डीकडचा एक सहकारी. त्याच्या घरी महिन्याचा पगार आणणारा तो एकटा. आईवडील आणि बहिणी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. नोकरी गेली तर तोही तिथेच जाणार होता.

यंत्राने एकाच वेळी दोन टेबलांचं काम करून दाखवायचं, एवढीच अट होती. टेबल म्हणजे यंत्राला जोडलेला टेलिप्रिंटर. एक यंत्राच्या खोलीत, दुसरा अंगणापलीकडे नकाशांच्या हॉलमध्ये. मध्ये वरून ओढलेली वायर. दोन्हीकडचे प्रोग्राम आळीपाळीने चालवणारा मूळ प्रोग्राम आम्ही लिहीत होतो. टेबलावरून सुरू केलेला प्रोग्राम स्वतः आणखी काही प्रोग्राम सुरू करी. त्या सगळ्यांना एका गटात बांधावं लागे. नाहीतर थांबवताना एखादा मागे राही आणि यंत्रातली जागा अडवून बसे. या गटाला आम्ही टोळी म्हणत असू आणि तिच्यातल्या पहिल्या प्रोग्रामला मुकादम. हे शब्द सहकाऱ्याचे. तो लहानपणी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला फिरला होता.

अडचण वायरची होती. वारा सुटला की ती निसटे. मग हॉलच्या टोळ्या तुटलेल्या टेबलाकडे उत्तरं पाठवत यंत्रात तशाच राहत. जागा भरून जाई आणि खोलीतलं टेबलही बंद पडे.

"त्यांना आपल्या खोलीतल्या टेबलाच्या ताब्यात द्या," आमचे प्रमुख म्हणाले.

"न्हाई जमायचं, साहेब," सहकारी म्हणाला. "मुकादम गेला की टोळी फुटती. दुसऱ्याचं ऐकत न्हाई. लई बघितलंय मी."

"अरे, ही माणसं आहेत का?"

"न्हाईत म्हणून तर बरं. घरी धाडायला ट्रक लागत न्हाई."

प्रमुख हसले. नियम तसाच लिहिला गेला: टेबल तुटलं की मुकादमाला बंद होण्याचा निरोप, आणि मुकादम गेला की सगळी टोळी बंद. त्यानंतर यंत्र अडकलं नाही.

तपासणीला मुख्य कार्यालयातले अधिकारी आले. तेव्हा नेवाशाकडच्या ओढ्यांचं मोठं गणित आदल्या दिवसापासून चालू होतं. यंत्राच्या खोलीत बसवत नव्हतं, इतकी ती तापलेली. म्हणून सहकाऱ्याने ते हॉलमधून सुरू केलं होतं.

"ही वायर तुटली तर?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"काही होत नाही," प्रमुख म्हणाले.

अधिकाऱ्यांनी स्वतःच वायर उपटली. खोलीतलं टेबल चालू राहिलं. हॉलची टोळी नियमाप्रमाणे बंद झाली, गणितासकट.

"उत्तर कुठाय?"

"पहिल्यापासून करावं लागंल," सहकारी म्हणाला.

"आणि वायर तर वारा सुटला की निसटते म्हणता."

यंत्र परत पाठवायचं ठरलं. बांधाबांधीपुरतं मला ठेवलं. सहकाऱ्याला लगेच काम सोडायला सांगण्यात आलं, कारण नियम त्याचा होता. प्रमुखांनी रदबदली केली, उपयोग झाला नाही.

"आजचा दिस तरी बसू द्या, साहेब."

तो दिवसभर बसला. जेवला नाही. टोळीला टेबलापासून अलग काढायची सोय त्याने मूळ प्रोग्राममध्ये घातली. अशी टोळी कुठल्याच टेबलाची नसणार, उत्तर चालू असलेल्या टेबलावर छापणार आणि सुरू करणाऱ्याच्या खुणेच्या शब्दाशिवाय थांबणार नाही. ओढ्यांचं गणित त्याने हॉलमधून पुन्हा लावलं, टोळी अलग काढली आणि आपल्या हाताने वायर उपटली. गणित चालू राहिलं.

"हे आदी सुचाया पाहिजे हुतं," तो म्हणाला आणि एसटी गाठायला निघून गेला.

तिसऱ्या दिवशी खोलीतल्या टेबलावर उत्तर उतरलं. ते बरोबर होतं. खाली यंत्राने टोळी थांबवायला खुणेचा शब्द मागितला. तो शब्द आम्ही त्याला विचारला नव्हता. टेबल तोच प्रश्न पुन्हा पुन्हा छापत राहिलं.

यंत्र न्यायला आलेले अधिकारी बघत उभे होते. "हे कोणाला विचारतंय?"

"परवा काढलंत त्याला," प्रमुख म्हणाले.

"मग बोलावून घ्या की."

प्रमुखांनी शिपायाला पाथर्डीच्या गाडीने पाठवलं. तो संध्याकाळी एकटाच परतला. सहकारी खडीच्या कामावर लागला होता, एवढं गावात कळलं. रस्त्यावर मैल न् मैल माणसं बसली होती. जिथे चौकशी करावी तिथे एकच उलटा प्रश्न येई: "मुकादम कोण त्याचा?"

ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. ट्रक दारात उभा होता. प्रमुखांनी मेन स्विच बंद केला.