बोलिंगच्या बॅगेचं खालचं तोंड

मी ज्या बॅगांचं काम करतो, त्यांत माणूस उभा राहू शकतो. सिल्वासाजवळच्या खडोलीतल्या आमच्या कारखान्यात जम्बो बॅगा तयार होतात. टनभर दाणे किंवा पावडर मावेल एवढ्या, वर चार दणकट पट्टे, क्रेनने उचलायच्या. त्या तपासणं ही माझी नोकरी. गुहागरहून सिल्वासाला आलो तेव्हा डोक्यावर भरपूर केस होते. ते बॅगांच्या आत डोकं घालून शिलाई बघता बघता गेले, असं मी लोकांना सांगतो. (वडिलांचेही गेले होते, आणि ते पोस्टात होते. पण ते असो.)

तर आमची मुलगी ऋता पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, माझ्या बोलिंगच्या बॅगेची चेन तुटली," तेव्हा मला एकदम तरतरी आली.

ऋता पुण्यात नोकरी करते. तिथे ती बोलिंग खेळायला लागली होती. हे क्रिकेटमधलं बोलिंग नव्हे, हे मला जरा उशिराच कळलं. तोपर्यंत मी आम्ही राहतो त्या आमली भागातल्या सगळ्या शेजाऱ्यांना ती लेग स्पिन टाकते म्हणून सांगून बसलो होतो. हे बोलिंग म्हणजे गुळगुळीत लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला उभ्या केलेल्या बाटल्यांसारख्या खुंट्या पाडायच्या. चेंडूला बोटं घालायला तीन भोकं असतात. खेळणारे स्वतःच्या बोटांच्या मापाची भोकं पाडून घेतात आणि चेंडू स्वतःच वागवतात.

"मी शिवून देतो बॅग," मी म्हटलं.

"अरे, ऑनलाइन मिळते बाबा."

"ऑनलाइनवालीचीच चेन तुटली ना?"

"बरं, मग माप पाठवते."

आता खरं सांगायचं तर आम्ही परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या बॅगा ईमेलवर आलेल्या मापांनी शिवतो. पण दोन दिवाळ्या झाल्या, ऋता घरी आली नव्हती. कधी सुट्टी नाही, कधी तिकीट नाही. फोनसुद्धा "जेवलात का", "जेवलो" एवढ्यावर संपायला लागला होता. तिच्या खोलीत सुलभाने, म्हणजे माझ्या शिक्षिका बायकोने, शाळेच्या वह्यांचे गठ्ठे ठेवायला सुरुवात केली होती आणि ते मला बघवत नव्हतं.

"असं फोनवर माप घेऊन जमत नाही," मी म्हटलं. "चेंडू घेऊन प्रत्यक्ष यावं लागेल."

मग ती म्हणाली, "पुढचा शनिवार-रविवार बघते."

फोन ठेवला आणि मी त्याच दिवशी बॅग शिवायला घेतली.

"अहो, माप घ्यायला ती येणार आहे ना?" सुलभाने विचारलं.

"ती आल्यावर दोन दिवस शिवणकामात घालवू?"

तिने वह्या तपासायला घेतल्या.

चेंडू मी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिला होता, घेरही तिथेच वाचला होता. तेवढ्याच आकाराचं कलिंगड शोधायला मी बाजारात गेलो आणि टेप लावून एकेक मोजू लागलो. कलिंगडवाला बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "अंकल, खाना है के कपडा सिलवाना है?"

शिलाईला आमच्या कारखान्यातले भटूभाऊ होते. शिरपूरचे, बोलणं अहिराणी. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त उत्साह. मी दोन पट्टे म्हटले, त्यांनी चार लावले. मी एकेरी कापड म्हटलं, त्यांनी दुहेरी घेतलं.

"पोरगीनी बॅग शे साहेब," ते म्हणाले, "फाटाले नको."

आणि मग मला ती कल्पना सुचली. आमच्या जम्बो बॅगेला खाली एक तोंड असतं, नाडीने बांधलेलं. बॅग वर टांगायची, नाडी सोडायची, की माल आपोआप खाली येतो. मी विचार केला, एवढा जड चेंडू पोरीने वाकून वरून का काढावा? खालून तोंड ठेवलं तर नाडी सोडली की चेंडू अलगद हातात. भटूभाऊंना हे इतकं आवडलं की त्यांनी नाडीला लाल गोंडा लावला.

आम्ही रीतसर चाचणीही घेतली. कलिंगड घालून बॅग दिवसभर हुकाला टांगली. नाडी जराही सैल झाली नाही. कलिंगड शांत लटकत होतं. बॅग कोणी हातात घेऊन चालणार आहे, जिने उतरणार आहे, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. आमच्या बॅगा चालत नाहीत. त्या क्रेनने जातात.

शनिवारी सकाळी मी वापी स्टेशनवर गाडीच्या बऱ्याच आधी जाऊन उभा राहिलो. ऋता उतरली. वाळली होती. पाठीवर सॅक, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत चेंडू. मी लगेच बॅग पुढे केली.

तिने बॅग उलटीसुलटी करून पाहिली. "ही तर तयार आहे."

"हो."

"मग माप कशाला घ्यायचं होतं?"

"शेवटचं फिटिंग," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने चेंडू बॅगेत ठेवला. बॅग मी उचलली. तिने मागितली, पण मी दिली नाही. आम्ही पूल चढलो आणि पलीकडचा जिना उतरायला लागलो. प्रत्येक पायरीला बॅग हिसका खात होती. निम्म्या जिन्यावर ती अचानक हलकी झाली. मला क्षणभर आपल्या डिझाइनचं कौतुक वाटलं.

मग पहिला 'धाड' ऐकू आला.

चेंडू पायरीपायरीने खाली चालला होता. 'बाजू, बाजू' करत मी मागे, माझ्यामागे ऋता. लोक कठड्याला चिकटले. एका आजींनी पिशवी उचलून पोटाशी धरली. खाली पोचल्यावर चेंडूने फलाटावर छान सरळ रेषा धरली (ऋता नंतर म्हणाली, लाइन चांगली होती) आणि चहाच्या टपरीसमोर रचलेल्या रिकाम्या क्रेटमध्ये घुसला. क्रेट कोसळले. सुदैवाने कोणालाही लागलं नाही.

टपरीवाला बाहेर आला. "आ शूं छे?"

"बॉल छे," मी म्हटलं.

त्याने तो पायाने ढकलून पाहिला. हलला नाही. गर्दी जमायला लागली. कोणी म्हणालं तोफेचा गोळा आहे, कोणी म्हणालं गॅसच्या टाकीचा भाग आहे. "इसमें छेद काय को है?" एकाने मागे सरकत विचारलं. ऋता समजावून सांगत होती, पण माझ्यातला तपासनीस जागा झाला होता. माल आपला, तर खुलासाही आपणच करायला हवा.

"देखो, ऐसा पकडने का," असं म्हणून मी दोन बोटं दोन भोकांत घातली आणि अंगठा तिसऱ्या भोकात दाबून बसवला.

"बाबा, नको, ते माझ्या मापाचं आहे," ऋता म्हणाली, पण तोवर बसला होता.

लोकांची खात्री पटली आणि ते पांगले. क्रेट आम्ही रचून दिले. म्हणजे ऋताने दिले, कारण माझी बोटं सुटली पण अंगठा बाहेर येईना. ओढला, फिरवला, टपरीवाल्याने भज्यांचं तेल ओतलं. अंगठा फुगत चालला होता. शेवटी तसेच रिक्षात बसलो. चेंडू माझ्या मांडीवर, त्यात माझा अंगठा, आणि वजन माझ्या मनगटावर येऊ नये म्हणून ऋताने दोन्ही हातांनी चेंडू खालून धरलेला.

अशी आमची वरात वापीहून सिल्वासाला निघाली. खड्डा आला की ती चेंडू उचलून धरायची आणि विचारायची, "दुखलं?" मी नाही म्हणायचो. दुखत होतं. पण कितीतरी दिवसांनी ती माझ्या शेजारी बसली होती आणि फोन बघायला तिचे हात मोकळे नव्हते. ती बोलत होती. ऑफिसमधलं, घरमालकिणीचं. मी विचारलं, "हा खेळ तुला कुठून सुचला?"

"संध्याकाळी खोलीवर एकटीला बसवत नव्हतं," ती म्हणाली. "तिथे निदान आवाज असतो, माणसं असतात."

मी बाहेर बघायला लागलो. रस्त्याकडेला नुसते कारखाने होते, ते मी रोज बघतो, तरी बघत राहिलो. मग म्हटलं, "घरी यायचं ना मग."

"तुम्ही दोघं थकलेले असता. आणि आले की परत जाताना फार जड जातं."

मी म्हटलं, "हं." यापेक्षा चांगलं काहीतरी सुचायला हवं होतं.

सुलभाने दार उघडलं. आधी मुलीला जवळ घेतलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हे काय?"

"फिटिंग," ऋता म्हणाली.

दुपारभर शेजारी येऊन सल्ले देऊन गेले. खोबरेल झालं, बर्फ झाला. एकाने घरून करवत आणली, ती सुलभाने दारातूनच परत पाठवली. मी सोफ्यावर चेंडू घेऊन बसलो होतो आणि ऋता शेजारी, चेंडूखाली हात धरून. मला जेवता येईना म्हणून तिने वरणभात भरवला. मधूनच आम्हा दोघांनाही हसू यायचं आणि चेंडू हलायचा, मग मी कळवळायचो, मग पुन्हा हसू.

जेवणानंतर भांड्यांच्या साबणाने काम झालं. नळाखाली ऋताने चेंडू हळूच फिरवला आणि अंगठा सटकन बाहेर आला. "सुटला," ती म्हणाली आणि चेंडू घेऊन पुसायला गेली. सुलभा अंगठ्याला हळद लावत होती. मी मोकळ्या हाताकडे बघत बसलो.

"आता काय झालं तोंड पाडायला?" सुलभा म्हणाली.

"काही नाही."

रविवारी भटूभाऊंनी घरी येऊन बॅगेचं खालचं तोंड कायमचं शिवून टाकलं. चेंडूचा एक टवका उडाला होता, पण खेळता येईल असं ऋता म्हणाली. गाडी सुटताना तिने खिडकीतून बॅग उंच धरून दाखवली. घरी आल्यावर सुलभाने ऋताच्या खोलीतले वह्यांचे गठ्ठे उचलून आमच्या खोलीत आणले.

पुढे एका लग्नासाठी आम्ही सुरतला गेलो. तिथल्या मॉलमध्ये बोलिंग दिसलं. पोरगी काय करते ते बघू या म्हणून आत शिरलो. मी जोरात टाकलेला चेंडू कडेच्या खाचेत गेला. दुसराही गेला. मग सुलभाने पदर खोचला, चेंडू दोन्ही हातांनी जमिनीवर ठेवला आणि हळद-कुंकवाचं ताट सरकवावं तसा पुढे लोटला. तो रमतगमत गेला आणि सगळ्या खुंट्या आडव्या झाल्या.

फोटो पाठवताच ऋताचा फोन आला. तिथून पुढे तो रोज यायला लागला. माय-लेकी मनगट कसं ठेवायचं यावर तासभर बोलतात. फोन माझ्या मोबाइलवर येतो, कारण सुलभा तिचा कुठेतरी ठेवून विसरते. मी "हॅलो" म्हणतो. ऋता म्हणते, "बाबा, आईला दे." मी देतो, पण फोन कानाला लावूनच स्वयंपाकघरापर्यंत शक्य तितका हळू चालत जातो.